पाशाभाईंची पुरचुंडी

पाशाभाईंचं पहिलं दर्शन मला एकदम झालं नाही, हप्त्याहप्त्यानं झालं. बीडच्या जुन्या बाजारात एक चपलांचं दुकान आणि एक पिठाची गिरणी यांच्या मधोमध एक फट होती. त्या फटीत मेलेल्या मॉनिटरांचा डोंगर रचलेला होता, बालाघाटाची एखादी रांग चुकून शहरात शिरावी तसा. मी समोर उभा राहून विचार करत होतो की इथं हाक मारायची ती कुणाला. तेवढ्यात डोंगराच्या मध्यावरून कोपरापर्यंत एक हात बाहेर आला आणि आतून आवाज आला, "ते खाली पडलंय ते स्क्रू ड्रायव्हर द्या बरं."

मी दिला. हात आत गेला. थोड्या वेळानं डाव्या अंगाला, जिथं त्याच माणसाचा असणं शरीरशास्त्राला कबूल नाही अशा ठिकाणी, एक पाय हलला. मग कुठूनतरी शिंक आली. मला खरोखर वाटलं की दुरुस्तीला आणलेल्या एखाद्या यंत्रानं मेकॅनिक गिळला आहे आणि आता तो आतूनच काम करतो. शेवटी डोंगर जरासा सरकला आणि एक गृहस्थ आडवे होऊन बाहेर आले. बारीक अंगाचे, पन्नाशी ओलांडलेले, आणि केसांपासून चपलांपर्यंत पांढरेशुभ्र. भूत आहे म्हणून मी एक पाऊल मागं सरलो. ते गिरणीचं पीठ होतं. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत यायचं तर मालकाला बाहेर यावं लागे, आणि दोघांना बोलायचं तर दोघांनीही बाहेर. पाऊस असला की बोलणी गिरणीत होत. त्यामुळे पाशाभाईंचा धंदा संगणकाचा आणि रंग ज्वारीचा.

माझ्याजवळ एक गाठोडं होतं. नेकनूरहून एसटीनं मी ते मांडीवर धरून आणलं होतं, घरातला संगणक, चादरीत गुंडाळलेला. वाटेत वाहकानं हळू आवाजात विचारलं होतं, "कोण आजारी हाय, भाऊसाहेब?"

मी नेकनूरकडच्या एका शाळेत मुख्य लिपिक आहे. आमच्याकडं लिपिकाला भाऊसाहेब म्हणतात. माझं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं आहे. घरच्या संगणकाची तक्रार अशी होती की सकाळी बटण दाबून मी अंघोळीला जायचो, अंघोळ, पूजा, चहा आटोपून यायचो, तेव्हा तो पडद्यावर फक्त "स्वागत" एवढं म्हणत असायचा. शिवाय रोज उठल्यावर त्याला वाटायचं की आज १ जानेवारी २००९ आहे.

"सेल मेलाय त्याच्या पोटातला," पाशाभाई म्हणाले. "झोपंतून उठलं की मागचं कायच आठवत न्हाई. त्याचं बरं हाय."

"भंगारात घालावा म्हणतो."

"कावून? मशिन म्हातारं न्हाई झालं भाऊसाहेब, त्याला दमा लागलाय. दम्याच्या माणसाला तुमी भंगारात घालता का?"

त्यांनी झाकण उघडलं. आतून निघालेल्या धुळीत एक गुंठा पेरता आला असता. त्यांनी ती फुंकली, रॅमची पट्टी काढली आणि शाळेतल्या पोरांसारखं साधं खोडरबर घेऊन तिचे सोनेरी दात घासले. आणखी एक वापरलेली पट्टी शेजारी बसवली. जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी काड्यापेटी चेपावी तशी एक चपटी एसएसडी लावली. बटण दाबलं. मी चष्मा पुसून डोळ्यावर चढवेपर्यंत यंत्र जागं होऊन माझ्याकडं बघत होतं. इतक्या वर्षांत आमच्या घरात इतक्या लवकर कोणीही उठलेलं नव्हतं.

निघताना त्यांनी माझ्या हातात एक पुरचुंडी ठेवली. फुलाफुलांच्या ब्लाउजपीसचा चौकोनी तुकडा, त्यात काहीतरी जड, वर पक्की गाठ.

"तुमची अमानत."

आत काढलेली हार्ड डिस्क होती, मेलेला सेलसुद्धा होता. मी म्हटलं, "याचं मी काय करू?"

"ते तुमी बघा. काढलेलं सामान मालकाच्या घरी. आमचे वालिद रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांनी जळका व्हॉल्वबी ठेवून घेतला न्हाई." मग म्हणाले, "मेकॅनिकवर लोकांचा एकच शक असतो, भाऊसाहेब. चांगलं काढलं आन् जुनं घातलं. त्याच्यावर आमच्या घरात हा एकच इलाज हाय."

पुरचुंड्यांचे तुकडे त्यांची बायको चाँदबी कापून द्यायची. ती घरी शिवणकाम करायची. बीडमध्ये कित्येक घरांत माळ्यावर अशा फुलाफुलांच्या पुरचुंड्या पडून आहेत, आणि त्यांचं काय करायचं हे कुणालाच माहीत नाही.

आता शाळेचं सांगतो. आमच्या शाळेत अकरा संगणक होते. कोणत्याशा योजनेत आले, दोन वर्षं चालले आणि मग एकेक करून दमले. प्रत्येकाला संगीता मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, झालरीचं कव्हर शिवून घेतलं होतं. खोलीला कुलूप होतं. कुलपाची किल्ली माझ्याकडं होती. मुलं संगणक शिकायची ती फळ्यावर. एका पोरानं परीक्षेत माउसचं चित्र काढताना त्याला मिशाही काढल्या होत्या, आणि त्याला पूर्ण गुण मिळाले, कारण चूक आहे असं खात्रीनं सांगणारं शाळेत कुणी नव्हतं.

संस्थेचे अध्यक्ष विजयसिंहदादा म्हणायचे, "नवे घ्यायला पैसे न्हाईत, जुने फेकायला परवानगी न्हाई. ऱ्हाऊ द्या, कायतरी खातेत का?"

मी दादांपुढं पाशाभाईंचं नाव काढलं. भिंतींच्या रंगासाठी ठेवलेल्या रकमेतून काम होईल, असं सांगितलं. दादांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "करा. दिवाळीपर्यंत नीट चालले तर तेलगावच्या शाळंचं आन् बाकीच्या दोन्हीचं काम त्यालाच देऊ. न्हाई चालले तर भाऊसाहेब, भिंतींना तुमी रंग द्यायचा."

हे पाशाभाईंना सांगितलं तेव्हा ते हातातलं काम ठेवून सरळ उभे राहिले. त्या दुकानात सरळ उभं राहणं ही सोपी गोष्ट नव्हती.

"भाऊसाहेब, ही जागा गिरणीवाल्याला पायजे. चार शाळा मिळाल्या तर मी दुसरी जागा बघू शकतो. न्हाईतर आमेर बोलावतोय पुण्याला." आमेर त्यांचा मुलगा, मोबाईलच्या दुकानात नोकरीला. "त्याच्या दुकानाबाहेर टेबल टाकायचं म्हणतो. मोबाईलला काच चिकटवायची. मला काच चिकटवायची न्हाई. मला आत बघायचं असतं."

आठ दिवस ते रोज एसटीनं आले. अकरा यंत्रांची पोटं त्यांनी उघडली, झाडली, घासली. कुणाची पट्टी कुणाला लावली, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली, अकरा सेल बदलले. नवं सामान लागलं ते अगदी मोजकं. पोरं खिडकीला वटवाघळांसारखी लटकायची. नवव्या दिवशी अकराच्या अकरा यंत्रं सुरू झाली आणि संगीता मॅडमनी झालरीची कव्हरं घडी करून कपाटात ठेवली. जाताना पाशाभाईंनी अकरा पुरचुंड्या माझ्या टेबलावर ओळीनं मांडल्या. आणि सिदूमामाला, म्हणजे आमच्या शिपायाला, एकच गोष्ट बजावली, "मामा, बाजूचं झाकण कुणाला उघडू देऊ नका. बाकी पोरांना काय करायचं ते करू द्या."

पोरांनी काहीच बिघडवलं नाही. त्या खोलीत बिघडवण्यालायक अक्कल असलेला माणूस एकच होता.

खंडेनवमीला आमच्या शाळेत हत्यारांची पूजा होते. आमची हत्यारं म्हणजे घंटा, सुतारकामाची करवत, शिक्के, शाईचं पॅड आणि संगणक. दरवर्षी संगणकांची पूजा कव्हरावरूनच व्हायची. पूजा माझ्याकडं असते. या वर्षी यंत्रं जिवंत झालेली, माझी छाती फुगलेली. मी तबक हातात घेऊन पहिल्या यंत्रापुढं उभा राहिलो आणि मला एक महान विचार सुचला.

"सिदूमामा, झाकण उघडा."

"पाशाभाई नगं म्हनले व्हते."

"पूजा डब्याची करायची का यंत्राची? नवीन सामान आत आहे. त्याला कुंकू नको लागायला?"

"वल्लं कुंकू हाय, भाऊसाहेब."

"कुंकू काय विष आहे का?"

सिदूमामानं अकरा झाकणं उघडली. मी पहिल्या यंत्राच्या रॅमच्या पट्टीला ओल्या हळदीकुंकवाची बोटं लावली. पंख्यावर अक्षता टाकल्या, झेंडूच्या पाकळ्या टाकल्या, हात जोडले. मग दुसऱ्या. मी अगदी मनापासून करत होतो हो. सहाव्या यंत्राशी हळदकुंकू संपलं. पुढच्या पाचांना मी नुसतं फूल दाखवलं. झाकणं लागली, पेढे वाटले, आणि शाळेला दसऱ्याची सुट्टी लागली.

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सकाळी विजयसिंहदादा स्वतः संगणक बघायला आले. सगळे शिक्षक खोलीत जमले. मी दिमाखात मुख्य बटण दाबलं. पाच यंत्रं सुरू झाली. सहा झाली नाहीत. पडदे काळे, आणि आतून मांजराची पिल्लं उपाशी असावीत तसे बारीक आवाज. एकातून तर धान्य पाखडल्यासारखी खरखर येत होती.

दादांनी माझ्याकडं बघितलं. मला भिंती दिसू लागल्या आणि माझ्या हातातला ब्रश दिसू लागला.

पाशाभाईंना फोन केला. पुढच्या एसटीनं ते आले, धापा टाकत, अंगावर पीठ तसंच. आणि ते दारात आल्याबरोबर मी माझं जे काही कौशल्य आहे ते वापरलं. गावात माझी कीर्ती विनोदी माणूस म्हणून आहे. लग्नात, निरोप समारंभात लोक मला बोलायला उभं करतात.

मी म्हणालो, "या पाशाभाई. तुमच्या पार्टांचं निवृत्तीचं वय काय हो? आमच्याकडं रुजू झाले, पेढा खाल्ला आणि पेन्शनीत गेले."

सगळे हसले. दादाही हसले. मला जोर आला.

"का आधीच कुठून निवृत्त होऊन आलेले होते? चांगले काढले आणि जुने घातले, असं तर नाही ना? अकरा पुरचुंड्या दिल्यात तुम्ही. बारावी तुमच्या घरी गेली का काय?"

यावर जास्त हसले. पाशाभाईही हसले. ओठांनी हसले. मग पहिल्या यंत्रापाशी बसले, आमच्याकडं पाठ करून झाकण उघडलं, आणि आत वाकून बघितलं.

मग त्यांनी मान वळवून सिदूमामाकडं बघितलं. सिदूमामा छताचा पंखा बघत होते. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, चोरी सापडलेल्या माणसाची नजर अशीच असते. मी दादांना कोपरानं ढोसलंसुद्धा.

पाशाभाईंनी झाकण अर्धवट लावलं आणि उभे राहिले. "दादा, माझंच चुकलं. जोड सैल राह्यले व्हते. करून देतो."

"आठ दिवस काय करत व्हता मग बे?" दादा म्हणाले.

"चुकलं, दादा. जरा सगळे बाहेर थांबता का? उजेड अडतोय."

दोन तासांत सहाही यंत्रं सुरू झाली. दादा तोवर निघून गेले होते. जाता जाता मला म्हणाले, "कच्चा माणूस हाय तुमचा." पाशाभाईंनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली, आणि किल्लीबरोबर एक लहानशी पुरचुंडी. जांभळ्या फुलांची, अगदी हलकी.

"तुमची अमानत, भाऊसाहेब. घरी सोडा."

मी घरी चहा पिता पिता सोडली. माझी बायको सत्यशीला समोर भाजी निवडत होती. कापडात लाल झालेले तांदूळ होते. सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. हळदीचा एक वाळलेला पापुद्रा होता, त्यावर माझ्या बोटाचा ठसा होता.

"ह्या तर आपल्या अक्षता," सत्यशीला म्हणाली. "मीच रंगवून दिल्या होत्या तुम्हाला. कुंकू कमी पडलं म्हणून आल्यावर माझ्यावरच ओरडलात. कुठवर पुरलं म्हणाला होता?"

"सहापर्यंत," मी म्हणालो.

ती पुन्हा भाजी निवडू लागली. सत्यशीला शिकलेली नाही, पण तिला सहा म्हणजे किती ते कळतं. मी मात्र कार्यालयात तीस वर्षं आकडे जुळवले आणि सहा यंत्रांचं सहा यंत्रांशी जुळवायला मला एका माणसानं पुरचुंडी बांधून द्यावी लागली.

शनिवारी संस्थेची सभा होती. सभेचं इतिवृत्त मीच लिहितो. चार दिवस मी मनात वाक्य घोकत होतो. मोठं नव्हतं, तीन शब्दांचं होतं. कुंकू मी लावलं. यापेक्षा अवघड वाक्यं मी आयुष्यात सहज बोललो आहे. लोकांच्या बायकांविषयी, जावयांविषयी, साहेबांच्या टकलाविषयी, भर मांडवात बोललो आहे.

सभेत दादांनी विषय काढला. "त्या पाशाचं काय करायचं? तेलगावचं त्याला द्यायचं ठरलं व्हतं. पन भाऊसाहेब, तुमीच म्हनलावता ना, जुने पार्ट घातलेत?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. दोघे-तिघे आधीच हसू लागले. भाऊसाहेब आता काहीतरी झकास बोलणार, अशी त्यांची खात्री होती. मी तोंड उघडलं.

"ठराव कितव्या क्रमांकावर घेऊ?" मी विचारलं.

मग खाली मान घालून मी लिहिलं की पूर्वानुभव समाधानकारक नसल्यानं सदर काम सदर व्यक्तीस देण्यात येऊ नये. सर्वानुमते मंजूर. माझं अक्षर चांगलं आहे. त्या पानावरही चांगलंच आलं आहे.

दहा दिवसांनी मी बीडला गेलो. दुकानातला डोंगर निम्मा झाला होता, आरपार भिंत दिसत होती. मी त्यांच्या घरी गेलो. पाशाभाई नव्हते, नारायणगडाकडं कुणाचा तरी ध्वनिक्षेपक बघायला गेले होते. चाँदबी शिलाई मशिनवर बसल्या होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुन्हा मशिनवर बसल्या.

मी म्हणालो, "वहिनी, पाशाभाई त्या दिवशी बोलले का नाहीत? मी सगळ्यांसमोर नको ते बोललो. त्यांनी तिथंच झाकण उघडून दाखवायचं होतं. माझंच तोंड काळं झालं असतं ना."

"काय बोलायचं व्हतं, भाऊसाहेब?" त्यांनी दातानं दोरा तोडला. "तुमच्या पूजेनं मशिनी बिघडल्या, आसं? ह्यांच्या तोंडून? आन् इतक्या लोकात?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुमच्या तोंडून निघालं असतं, तर हसण्यावारी गेलं असतं," त्या म्हणाल्या, आणि मशिन चालू केलं.

थोड्या वेळानं पाशाभाई आले. मला बघून खुश झाले, खरोखरच खुश झाले, ते मला जास्त लागलं. चहा मागवला. मी माफीची सुरुवात केली. कुंकू, अक्षता, माझा मूर्खपणा, सगळं रंगवून सांगायला लागलो, मला येतं तसं. थोडं हसूही आणलं त्यात.

"कुंकवाचं काय न्हाई, भाऊसाहेब," ते म्हणाले. "मागं एका पतपेढीच्या मशिनीत मला अख्खी उदबत्ती सापडलीय. सामान साफ करता येतं. पन तुमी जुने पार्ट म्हनलात. वालिदांचं सांगितलं व्हतं मी तुमाला."

बशीतला चहा फुंकत त्यांनी विचारलं, "दादांना सांगितलं का?"

"सांगणार आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि मला दुसरा कप भरून दिला.

मी दादांना सांगितलं नाही. आधी दिवाळी होती, मग कुठली तरी निवडणूक होती, मग दादांचा मूड नव्हता. तेलगावच्या शाळेतली यंत्रं अजून कव्हरात आहेत. गिरणीवाल्यानं मधली भिंत पाडली, फटीत आता ज्वारीची पोती असतात. आमची अकराच्या अकरा यंत्रं व्यवस्थित चालतात, एकदाही बिघडली नाहीत.

पाशाभाई पुण्यात मोबाईलला काच चिकटवतात.